करड्या छटांची पाठचिकित्सा

गेल्या हिवाळ्यात आमच्या एका विद्यार्थिनीने दोन छायाचित्रे आमच्यापुढे ठेवली. वस्तुतः छायाचित्र एकच, प्रती दोन. सुमारे शंभर वर्षांपूर्वीच्या एका मासिकात छापलेले ते कुठल्याशा वाङ्मयीन मेळाव्याचे सामूहिक चित्र : मागे उभी रांग, मध्ये खुर्च्यांवर बसलेली, पुढे सतरंजीवर मांडी घातलेली, पगड्या, उपरणी, दोन-तीन कोट. मूळ अंक तिला कोठेच मिळाला नाही. मिळाली ती त्याची स्कॅन केलेली प्रत, आणि तीही निव्वळ काळ्या-पांढऱ्यात. मधली एकही करडी छटा नसलेली. चेहऱ्यांच्या जागी काळे पुंजके आणि पांढरी भगदाडे. ही पहिली प्रत. दुसरीत मात्र चेहरे होते. गालांवर उजेड होता, उपरण्यांना चुण्या होत्या, मागच्या भिंतीला खोली होती. तिच्या अभियंता भावाने उत्क्रांतीच्या तत्त्वावर चालणारा एक प्रोग्राम लिहून संगणक रात्रभर कामाला लावला होता, आणि सकाळी ही माणसे जणू झोपेतून उठून बसली होती. तिचा प्रश्न साधा होता : “सर, प्रबंधात कोणती प्रत लावू?”

‘दुसरी’ असे आम्ही म्हणणारच होतो. तेवढ्यात मधल्या रांगेतील डावीकडून चौथ्या गृहस्थांकडे लक्ष गेले. टोपणनावाने लिहिणाऱ्या ज्या कथालेखकावर तिचा प्रबंध आहे, ते हेच असावेत असा तिचा तर्क. चित्राखाली नावे नाहीत. पण त्या लेखकाच्या एका समकालीनाने आठवणी सांगताना त्यांच्या चष्म्याचा उल्लेख केला आहे. पहिल्या प्रतीत या गृहस्थांच्या डोळ्यांभोवती काही काळे ठिपके वर्तुळात उभे होते. चष्म्याची चौकट म्हणावी असे. दुसऱ्या प्रतीत डोळे स्वच्छ होते. चष्मा नव्हता.

साहित्याच्या अभ्यासकाने संगणकशास्त्रात नाक खुपसू नये, असे आम्हांला सांगण्यात आले आहे. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. हा प्रश्न मुळात आपल्याच घरातला आहे. त्याचे नाव पाठचिकित्सा. यंत्रावर काम करणाऱ्यांनी तो नव्याने शोधून काढला आहे, आणि आपण तो ओळखायला तयार नाही.

आधी करड्या छटांविषयी थोडे सांगणे भाग आहे. संगणकाच्या लेखी कृष्णधवल चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता. प्रत्येक पिक्सेलला शून्यापासून २५५ पर्यंतचा एक आकडा. शून्य म्हणजे निखळ काळा, २५५ म्हणजे निखळ पांढरा, मधले सारे करडे. या २५६ छटांच्या जागी सोळाच ठेवल्या, तर प्रत्येक छटेला सोळा छटांची बाजू सांभाळावी लागते. गालाच्या उतारावर पायऱ्या पडतात, आकाशात पट्टे उमटतात. दोनच ठेवल्या, तर १२७ पर्यंतचे सगळे काळ्यात जमा आणि १२८ पासूनचे सगळे पांढऱ्यात. असे का करतात? जागेसाठी. ए-फोर आकाराचे एक पान ६०० डीपीआयने स्कॅन केले, तर त्यात सुमारे साडेतीन कोटी पिक्सेल येतात. २५६ छटा ठेवल्या तर तितकेच बाइट लागतात, दोन छटा ठेवल्या तर त्याचा आठवा भाग. या शतकाच्या आरंभी, साठवणूक महाग असताना, आपल्याकडची असंख्य जुनी पुस्तके अशी दुरंगी होऊन संगणकावर आली. त्याबद्दल कृतज्ञच असले पाहिजे. ती तशी आली नसती तर पुष्कळशी आलीच नसती. पण येताना काय मागे राहिले, याचा हिशेब आपण कधी मांडला नाही.

मागे राहिला तो पुरावा. जुन्या छापील पानावर अर्ध्या मिलिमीटरचा एक अनुस्वार असतो. खिळा झिजलेला असला, शाई कमी लागली असली, तर तो फिका उमटतो; समजा, १४० क्रमांकाचा करडा. शेजारीच माशीने किंवा दमटपणाने केलेला एक डाग आहे. तो ९० क्रमांकाचा. करड्या प्रतीत वाचकाची नजर दोहोंतला भेद ओळखते, कारण खिळ्याच्या दाबाने उठलेल्या ठिपक्याला कड असते आणि डाग कडेकडेने विरत जातो. दुरंगी प्रतीत अनुस्वार पांढरा होतो, म्हणजे नाहीसा होतो. आणि डाग काळा होतो, म्हणजे अनुस्वार होतो. त्यावर एखाद्याने ‘पान स्वच्छ करा’ अशी कळ दाबली, की लहान आकाराचे सगळेच ठिपके कचरा म्हणून झाडले जातात. खरे अनुस्वारही त्यांत गेले. १९६२ साली मान्य झालेल्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले, त्यामुळे हे नुकसान आजच्या विद्यार्थ्याला फारसे जाणवत नाही. पण त्यापूर्वीच्या लेखनात ‘नांव’ म्हणजे ओळख आणि ‘नाव’ म्हणजे होडी. ‘येतों’ म्हणजे मी आणि ‘येतो’ म्हणजे तो. कर्ता गाळलेल्या कवितेच्या ओळीत बोलणारा कवी स्वतः आहे की कोणी तिसरा, याचा निवाडा कधी कधी त्या एका ठिपक्यावर असतो. हस्तलिखितांची गोष्ट याहून वाईट. लेखनिक चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फाशीत. ती पिवळी पुटी दुरंगी प्रतीत पांढऱ्यात जमा होते, आणि तिच्याखालून डोकावणारी अक्षरे काळी होऊन अशी उभी राहतात, की जणू ती कधी रद्द झालीच नव्हती. ज्याच्यावर हरताळ फासला ते जिवंत होते, आणि फासणारा मात्र नाहीसा होतो.

आता पुनःस्थापनेकडे वळू. हरवलेल्या छटा परत आणायच्या, म्हणजे प्रत्येक काळ्या पिक्सेलच्या जागी शून्य ते १२७ यांपैकी एक आकडा आणि प्रत्येक पांढऱ्याच्या जागी १२८ ते २५५ यांपैकी एक आकडा ठरवायचा. त्या चौथ्या गृहस्थांचा चेहरा शंभर गुणिले शंभर पिक्सेलचा धरला, तर शक्य चित्रांची संख्या एकवीस हजारांहून अधिक अंकांची होते. संख्या एकवीस हजार नव्हे. ती लिहायला एकवीस हजारांहून जास्त अंक लागतात. आणि यांतले प्रत्येक चित्र पुन्हा दुरंगी केले, तर हुबेहूब आपल्या हातातली प्रत निघते. पुराव्याच्या दृष्टीने ती सगळी सारखीच खरी आहेत. त्यांत त्या गृहस्थांचा चष्मा असलेला चेहरा आहे, नसलेला आहे, आणि आजवर जगात कधीच नव्हता असाही आहे.

एवढ्या रानात एकेक झाड तपासत हिंडणे अशक्य. म्हणून निसर्गाची युक्ती उसनी घेतात. १९६० च्या दशकात बर्लिनमध्ये इंगो रेखेनबेर्ग आणि हान्स-पाउल श्वेफेल यांनी, आणि अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात जॉन हॉलंड यांनी, वेगवेगळ्या वाटांनी ही युक्ती घडवली. हॉलंड यांचा या विषयावरचा ग्रंथ १९७५ चा. रीत अशी : आरंभी शंभर चित्रे अंदाजपंचे रंगवायची. ही पहिली पिढी. एक कसोटी ठरवायची आणि तिच्यावर प्रत्येक चित्राला गुण द्यायचे. जास्त गुणांची चित्रे पुढच्या पिढीची आईबाप होतात. एकीचे कपाळ आणि दुसरीची हनुवटी घेऊन अपत्य घडते, आणि त्यातले थोडे आकडे मुद्दाम, यदृच्छेने बदलले जातात. पुन्हा गुण, पुन्हा निवड. अशा हजारो पिढ्या. शेवटी ज्याला सर्वाधिक गुण ते चित्र बाहेर येते. या रीतीची मोठी सोय ही, की कसोटी कशीही वेडीवाकडी असली तरी चालते. गणिती सूत्राने उतार शोधता येत नाही तेथेही पिढ्या वाट काढतात. आणि छटा तोडण्याचे कृत्य नेमके असे तुटक, कड्यासारखे आहे. त्याला उतार नाही.

सारे मर्म त्या कसोटीत आहे. आमच्या विद्यार्थिनीच्या भावाने दोन गोष्टींना गुण दिले होते. पहिली, चित्र पुन्हा दुरंगी केल्यावर मूळ प्रतीशी जुळले पाहिजे; दुसरी, शेजारच्या पिक्सेलांत फार अंतर नसावे, म्हणजे चित्र मऊ असावे. दोन्ही अटी वाजवी आहेत. पण काय झाले पाहा. चष्म्याच्या चौकटीचा पिक्सेल काळा. म्हणजे शून्य ते १२७ मध्ये काहीही. त्याला लागून असलेली कातडी पांढरी. म्हणजे १२८ ते २५५ मध्ये काहीही. मऊपणाला गुण आहेत, तेव्हा पिढीगणिक चौकट वर सरकत १२७ वर आली आणि कातडी खाली उतरत १२८ वर आली. पहिली अट शंभर टक्के पाळली गेली, एकाही पिक्सेलने पुराव्याशी द्रोह केला नाही, आणि चष्मा वितळून गेला. आम्ही हे प्रथम समजून घेतले तेव्हा थोडा वेळ गप्प बसलो. प्रत्येक अक्षर जागेवर ठेवून अर्थ बदलण्याची ही हातोटी वकिलांना आणि टीकाकारांना साधते असे आम्ही आजवर समजत होतो.

यात आणखी एक पदर आहे. त्या काळच्या मासिकातले छायाचित्र हाफटोन ब्लॉकवरून छापलेले. म्हणजे छापील पानावर करडी शाई मुळात नव्हतीच. काळ्या शाईचे लहानमोठे ठिपके होते आणि करडेपणा पाहणाऱ्याच्या डोळ्यात तयार होत होता. (या ठिपक्यांच्या शास्त्रावर कलकत्त्याच्या उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी इंग्लंडमधल्या पेनरोझच्या वार्षिकात लेख लिहिले होते. ते सत्यजित राय यांचे आजोबा आणि बंगाली बालवाङ्मयाचे एक प्रमुख शिल्पकार. मुद्रणविद्येकडे पाठ फिरवणे ही साहित्यिकांची जुनी परंपरा नव्हे, अलीकडची खोड आहे.) तेव्हा संगणकाने ‘परत’ काय आणले? छापील पान? ते तर असे नव्हतेच. ब्लॉकच्या मागची छायाचित्राची काच? तिच्यापर्यंत जायचे तर जाळीचा हिशेब धरायला हवा होता, आणि प्रोग्रामने तो धरला नव्हता. पाठ बिघडला कसा याची कल्पनाच चुकीची असेल, तर दुरुस्ती कितीही नेटाची असो, ती तिसऱ्याच कुठल्या तरी पाठापाशी जाऊन पोहोचते.

येथवर आलेल्या वाचकाला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची आठवण झाली असेल. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम तेथे १९१९ साली सुरू झाले, १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक झाले, १९३३ साली आदिपर्व पुरे झाले आणि १९६६ साली सगळे काम. साडेबाराशेच्या वर हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. या आवृत्तीची थोरवी सांगताना आपण तो आकडा सांगतो. आम्हांला तिची खरी थोरवी एका रेघेत दिसते. जेथे संहितेचा शब्द निश्चित नाही, तेथे त्या शब्दाखाली नागमोडी रेघ छापलेली आहे. संपादकाने शब्द निवडला आहे. निवडणे टाळलेले नाही. पण निवड डळमळीत आहे हे वाचकाला त्याच पानावर, त्याच शब्दाखाली सांगितले आहे. आणि नाकारलेले पाठ तळटीपांत हजर आहेत; वाचकाला संपादकाशी भांडायचे असेल, तर भांडणाची सामग्री संपादकानेच पुरवली आहे. व्यासांच्या लेखणीतून उतरलेले महाभारत आपण देत आहोत असा दावा सुकथनकरांनी केला नाही. उपलब्ध हस्तलिखिते जेथवर नेतात तेथवरच आपण गेलो, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

मराठीत तर याहून जुना दाखला आहे. लीळाचरित्राची म्हाइंभटांची मूळ प्रत खालशाच्या धाडीत गेली, असे महानुभाव परंपरा सांगते. नंतर शिष्यांनी आठवणीतून लीळा पुन्हा उभ्या केल्या. आठवणी एकसारख्या नव्हत्या. मग काय केले? सगळ्या आठवणींचा काला करून एक गुळगुळीत संहिता बनवली नाही. ही हिराइसांची वासना, ही परशरामबासांची वासना, असे ज्याच्या-त्याच्या नावाने पाठ नोंदवून ठेवले. नष्ट झालेला ग्रंथ परत मिळवण्याचे काम ज्यांनी केले, ते शास्त्रज्ञ नव्हते, संपादनशास्त्राचे पदवीधर नव्हते. ते श्रद्धावान होते, आणि श्रद्धेपोटीच त्यांना एका पाठाचा हट्ट धरता आला नाही. याउलट ज्ञानेश्वरीचे झाले. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठशुद्धी केली आणि पुढे कोणी यात आपली ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवणे होईल, असे बजावले. नाथांच्या हेतूबद्दल आणि अधिकाराबद्दल शंका घेणारे आम्ही कोण? पण त्यांच्यासमोर कोणत्या प्रती होत्या, त्यांनी कोठे काय वगळले, हे आज आपल्याला दिसत नाही. दिसते ते शुद्ध ताट. नरोटी कोणती होती ते कळत नाही.

आता मूळ मुद्दा. उत्क्रांतीवर चालणारा अल्गोरिदम शेवटच्या पिढीपर्यंत येतो तेव्हा त्याच्याजवळ एक चित्र नसते, शंभर असतात. आम्ही त्या अभियंत्याला विचारले, “उरलेल्या नव्व्याण्णवांचे काय केलेत?” तो म्हणाला, “डिलीट.” आमचा सगळा आक्षेप त्या एका शब्दावर आहे. ती नव्व्याण्णव चित्रे म्हणजे पाठभेद होते. ज्या पिक्सेलवर शंभरही जणांचे एकमत आहे तेथे पाठ बऱ्यापैकी पक्का. जेथे कोणी ४० म्हणतो आणि कोणी १२० म्हणतो तेथे नागमोडी रेघ. साऱ्या पिढीतली मतभिन्नता मोजून तिचाच एक नकाशा काढता येतो; चेहऱ्यावर कोठे विश्वास ठेवावा आणि कोठे ठेवू नये, हे दाखवणारा. चिकित्सित आवृत्तीची तळटीप यंत्राने न मागता तयार केली होती, आणि आपण ती केराच्या टोपलीत टाकली.

एक सावधगिरी येथेच नोंदवली पाहिजे, नाहीतर जाणकार हसतील. शेवटच्या पिढीतले एकमत फसवे असू शकते. सुरुवातीलाच एखाद्या चित्राला जास्त गुण मिळाले, तर थोड्याच पिढ्यांत सगळी त्याचीच नातवंडे होतात. मग शंभर साक्षीदार म्हणजे एकाच साक्षीदाराचे शंभर आवाज. पाठचिकित्सकांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. एकाच प्रतीवरून उतरवलेल्या वीस प्रती एक पाठ देतात, म्हणून त्याला वीस मते मिळत नाहीत. प्रती मोजायच्या नसतात, त्यांची कुळे पाहायची असतात. हस्तलिखितांची वंशावळ काढण्याची रीत युरोपात रुजली ती डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथापूर्वी; आणि १९९८ साली ‘नेचर’ या विज्ञाननियतकालिकात जीवशास्त्रज्ञ आणि वाङ्मयाभ्यासक यांनी मिळून चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधील एका भागाच्या हस्तलिखितांची वंशावळ जीवशास्त्राचीच गणिते वापरून मांडली. म्हणजे देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी आहे. तेव्हा उपाय हा, की प्रोग्राम एकदा चालवून भागत नाही. वेगवेगळ्या आरंभांपासून, एकमेकींशी सोयरीक नसलेल्या अनेक कुळांत तो चालवला पाहिजे. आणि कसोटीही बदलून पाहिली पाहिजे. कारण सर्व कुळांना एकच कसोटी लावली, तर त्यांचे एकमत पुराव्याचे नसते, कसोटीचे असते.

आमचे म्हणणे ऐकून एक संगणकतज्ज्ञ स्नेही म्हणाले, तुम्ही वीस वर्षे मागे आहात. आता हे काम न्यूरल नेटवर्क करते; पिढ्या वाढवत बसायला वेळ कोणाला आहे? ते खरे आहे. आज चित्रांच्या पुनःस्थापनेत त्याच पद्धतीची चलती आहे आणि तिची चित्रे डोळ्यांना निःसंशय अधिक खरी वाटतात. पण आम्हांला, साहित्याच्या अभ्यासकांना, जुनी पद्धत अधिक सभ्य वाटते. तिच्यात कसोटी लिहिलेली असते. दोन ओळींत वाचता येते, तिच्याशी भांडता येते. न्यूरल नेटवर्कने लक्षावधी चित्रे पाहून आपली आवड बनवलेली असते आणि ती त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. २०२० साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांच्या ‘पल्स’ नावाच्या पद्धतीला बराक ओबामांचे मोजक्या चौकोनांत विरघळलेले चित्र दिले, तेव्हा तिने त्यातून एका गोऱ्या माणसाचा चेहरा काढला. तो चेहरा पुन्हा चौकोनांत विरघळवला तर मूळ धूसर चित्राशी जुळण्यासारखाच होता. पुराव्याशी इमान आणि माणसाशी बेइमानी, दोन्ही एकाच वेळी.

छायाचित्रांचे सोडा, मजकूरही सुरक्षित नाही. २०१३ साली जर्मनीत डाव्हिड क्रीझेल यांच्या ध्यानात आले, की झेरॉक्स कंपनीच्या काही स्कॅनरांतून निघालेल्या इमारतीच्या आराखड्यात तीन निरनिराळ्या खोल्यांचे क्षेत्रफळ एकच, १४.१३ चौरस मीटर, छापून आले आहे. यंत्र जागा वाचवण्यासाठी सारख्या दिसणाऱ्या आकृत्यांपैकी एक साठवून ती सगळीकडे चिकटवत होते. कोठे ६ चा ८ झाला. अक्षरे अस्पष्ट झाली असती तर कोणीही सावध झाला असता. ती स्पष्ट होती, सुबक होती, आणि चुकीची होती. जुन्या लेखनिकांच्या चुकांत हाच वर्ग सर्वांत छळणारा : ज्याला अर्थ कळत नाही तो लेखनिक निरर्थक अक्षरे उतरवतो आणि आपल्याला चूक सापडते, ज्याला थोडा कळतो तो ओळ ‘सुधारतो’ आणि चूक झाकली जाते. आजचे यंत्र या दुसऱ्या वर्गात बढती मिळवून आले आहे.

यावर कोणी म्हणेल, एवढा काथ्याकूट कशाला? लोकांना आजोबांचा चेहरा स्पष्ट पाहायचा आहे, पाहू द्या. अवश्य पाहावा. घरातल्या भिंतीवर लावायच्या चित्राशी आमचे भांडण नाही. तेच चित्र चरित्रग्रंथात, विश्वकोशात, पाठ्यपुस्तकात पुरावा म्हणून गेले, की भांडण सुरू होते. कारण चित्र हातोहाती फिरते आणि फिरताना त्याची कुळकथा गळून पडते. दहा वर्षांनी पहिली प्रत शोधायची गरज कोणालाच वाटणार नाही.

आणि प्रामाणिकपणे सांगायचे, तर या बाबतीत अभियंत्यांवर दगड मारण्याआधी आपले हात पाहावेत. १९६२ नंतर जुन्या कवींचे, कादंबरीकारांचे किती ग्रंथ नव्या लेखननियमांनुसार पुन्हा छापले गेले! अनुस्वार काढले, ऱ्हस्व-दीर्घ बदलले, विरामचिन्हे घातली. आणि ‘नवी आवृत्ती’ याखेरीज एक अक्षर वाचकाला सांगितले नाही. काय बदलले याची यादी फार थोड्यांनी दिली. विद्यापीठांनी ती पुस्तके अभ्यासक्रमाला लावली, आम्ही ती वर्गात शिकवली, ‘कवीच्या भाषेची वैशिष्ट्ये’ हा प्रश्नही त्यांच्यावरच काढला. त्या अभियंत्याने निदान कोणत्या दोन गोष्टींना गुण दिले ते विचारताक्षणी सांगितले. आमच्या पिढीच्या संपादकांना विचारून पाहावे. असो.

तो मुलगा समजूतदार निघाला. त्याने दहा वेगवेगळ्या आरंभांपासून प्रोग्राम पुन्हा चालवला. एकदा मऊपणाला पूर्वीइतकेच गुण देऊन आणि एकदा बरेच कमी करून. पूर्वीच्या कसोटीवर दहाही वेळा चष्मा नाहीसा. कमी गुणांच्या कसोटीवर सहा वेळा चौकट राहिली, तीन वेळा फक्त डाव्या डोळ्याभोवती काहीतरी, एकदा भुवईच जाड झाली. जाळीचा हिशेब धरणारा प्रोग्राम तो आता लिहीत आहे.

प्रबंधात पहिली प्रत पूर्ण पानभर लागली आहे. समोरच्या पानावर वीस लहान चेहरे, चार ओळींत पाच-पाच, आणि खाली कोणत्या ओळीला कोणती कसोटी ते लिहिले आहे. चौथ्या गृहस्थांचे नाव विद्यार्थिनीने दिले आहे आणि त्याखाली नागमोडी रेघ ओढली आहे. प्रबंध वाचलेल्या एका सद्गृहस्थांनी ती टंकलेखनातील चूक समजून समासात लिहिले आहे : रेघ काढावी.